तांब्या लवंडला

गेल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रामने पेला, डबा आणि दिवा हे तिन्ही धातू असल्याचं मला कळवलं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

झालं असं. ऑनलाइन मजकूर वाचून कम्प्युटरने आपलं आपण ज्ञान गोळा करावं, हे खूळ माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. युक्ती जुनीच आहे. संशोधक मार्टी हर्स्ट यांनी 1992 मध्ये दाखवलं होतं की ठरावीक वाक्यरचना हेरली तरी कोणती गोष्ट कशाचा प्रकार आहे ते कळतं. मराठीत त्यासाठी 'सारखे' हा शब्द हाताशी आहेच. मी लोखंड, चांदी, जस्त एवढी तीन बियाणं, म्हणजे सुरुवातीची उदाहरणं, दिली. 'लोखंडासारखे धातू' वाचून प्रोग्रामने साचा उचलला आणि पुढे सुटला.

मग आलं 'तांब्यासारखे धातू'. 'सारखे' काढल्यावर उरलेला शब्द कोशात सापडला तर तसाच ठेवायचा, असा माझा नियम. 'लोखंडा' कोशात नाही, म्हणून 'लोखंड' झालं. 'तांब्या' मात्र कोशात आहे! तांबं राहिलं बाजूला, पाण्याचा तांब्या धातूंच्या यादीत जाऊन बसला. पुढच्या फेरीत 'तांब्या लवंडला' सापडलं. म्हणजे जे लवंडतं ते धातू. मग पेला काय, डबा काय, रांगच लागली. ('सोन्यासारखी माणसं' या वाक्याची तर मला आधीपासूनच धास्ती होती.)

याहून मोठ्यांचंही असंच झालंय, हाच काय तो दिलासा. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी 2010 मध्ये 'नेल' नावाचा, अखंड वाचत राहणारा प्रोग्राम सुरू केला. त्याने इंटरनेटवरच्या कुकीज (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत घातल्या. मग लोक कुकीज डिलीट करतात तशा फाइल्सही करतात, हे वाचून फाइल्सही भट्टीत गेल्या. तरी पहिल्या 67 दिवसांत त्याने 2,42,000 हून जास्त गोष्टी टिपल्या आणि त्यातल्या अंदाजे 74 टक्के बरोबर होत्या. माझ्या यादीचा आकडा मी सांगणार नाही.

नेलमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो एकच विषय शिकत नव्हता. शेकडो प्रकार एकदम शिकायचा, आणि जे एका प्रकारात बसतं ते दुसऱ्यात बसू शकत नाही असं काही जोड्यांबाबत त्याला आधीच सांगितलेलं असायचं. माझ्याकडे धातू सोडून दुसरा प्रकारच नव्हता. पेल्याला 'तू इथला नव्हेस' म्हणणार कोण?

म्हणून काल रात्री, मला भांड्यांशी काही देणंघेणं नसताना, 'भांडी' हा प्रकार घातला. घागर, कळशी, वाटी, परात दिली आणि झोपलो. सकाळी पेला आणि डबा मुकाट्याने तिकडे गेलेले. दिवा अजून धातूच आहे. तांब्याला मात्र दोन्हीकडून सारखेच पुरावे मिळाले, म्हणून प्रोग्रामने त्याला दोन्ही याद्यांतून काढून टाकलं.

त्यामुळे माझ्या धातूंच्या यादीत आज तांबं नाही. हाताने घालायला दोन सेकंद लागतील. अजून घातलेलं नाही.