कठीण कोडे आणि अन्यायाचे कोडे

गुहागरला इंग्रजी दैनिक चिपळूणहून येणाऱ्या एसटीने पोहोचते, आणि पावसाळ्यात तर ते दुपारी जेवणानंतरच हाती पडते. त्यातल्या बातम्या तोवर शिळ्या झालेल्या असतात, पण शेवटच्या पानांतले गूढ शब्दकोडे, म्हणजे इंग्रजीतले ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’, मात्र शिळे होत नाही. निवृत्तीनंतर इथे राहायला आल्यापासून मी ते रोज सोडवतो आणि सोडवून झाल्यावर समासात त्याची परीक्षाही करतो. माझ्या मते खरी गंमत या दुसऱ्या भागात आहे.

साध्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो आणि आपण शब्द शोधतो. गूढ कोड्यातला प्रत्येक क्लू दोन गोष्टी सांगतो: एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरे जुळवण्याची कृती असते. वरवर वाचताना मात्र ते सरळ वाक्य वाटते, आणि त्या वाक्याला भुलून न जाणे हेच पहिले कौशल्य. मी आधी सगळे क्लू एकदा नुसते वाचून काढतो आणि उत्तर शब्दांतच दडलेले आहे असे क्लू हेरतो, कारण ते लवकर हाती लागतात. मध्यंतरी एक होता: ‘फ्रूट सम ह्यूमन गॉबल्स’, अक्षरे ५. वाक्य म्हणून पाहिले तर कोणीतरी माणूस गपागप फळ खातो आहे. पण ‘सम’ म्हणजे इथे ‘पुढच्या शब्दांतला काही भाग’. ‘ह्यूमन’मधली शेवटची एम, ए, एन आणि ‘गॉबल्स’मधली पहिली जी, ओ ही अक्षरे सलग वाचली की ‘मँगो’ तयार होतो, आणि अर्थ तर पहिल्याच शब्दात दिलेला आहे. या क्लूमध्ये एकही शब्द फुकट गेलेला नाही. समासात मी त्याला बरोबरची खूण केली.

अशी दोन-चार उत्तरे भरली की आडव्या-उभ्यांच्या छेदातून पुढची अक्षरे मिळतात आणि अडलेल्या क्लूंना पुन्हा हात घालता येतो. चौकट बहुधा १५ गुणिले १५ घरांची असते आणि अर्ध्या फेरीत फिरवली तरी तशीच दिसते. एखाद्या शब्दाची निम्म्याहून कमी अक्षरे छेदात येत असतील तर तो दोष चौकटीचा मानावा. सोडवणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये.

आता अन्यायाबद्दल. एके दिवशी क्लू होता: ‘गार्मेंट्स फ्लटरिंग बाय द शोअर’, अक्षरे ५. उत्तर ‘कोस्ट’, म्हणजे किनारा. ‘फ्लटरिंग’ हा शब्द अक्षरे विस्कटायला सांगतो हे ओळखू येते. पण विस्कटायची कोणती? ‘गार्मेंट्स’ची नव्हेत. आधी आपण मनातल्या मनात ‘कोट्स’ हा प्रतिशब्द शोधायचा आणि मग त्याची अक्षरे फिरवायची, अशी रचनाकाराची अपेक्षा. पाच अक्षरी कपडे इंग्रजीत कितीतरी आहेत. ‘गाउन्स’ का नाही, ‘सूट्स’ का नाही, याचा काहीच पुरावा क्लूमध्ये नाही. याला अप्रत्यक्ष अक्षरपालट म्हणतात आणि बहुतेक संपादक ती नाकारतात. मी समासात फुली मारली आणि शेजारी दुरुस्ती लिहिली: ‘कोट्स फ्लटरिंग बाय द शोअर’. एक शब्द बदलला, किनाऱ्यावर फडफडणारे कपडे तसेच राहिले, आणि सोडवणाऱ्याच्या हाती खरी अक्षरे आली. दुसऱ्या एका दिवशी ‘एडिट’ हा शब्द ‘रायझिंग’ करून, म्हणजे खालून वर वाचून, ‘टाइड’ काढायचे होते. उभ्या शब्दात हे शोभले असते, पण उत्तर आडवे होते. आडव्या शब्दात काही वर कसे चढेल?

हे नियम माझे नाहीत. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कमध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. गूढ प्रकार पुढे इंग्लंडमध्ये वाढला. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात टॉर्कमाडा आणि त्यांच्यानंतर झिमेनेस या नावांनी कोडी येत. दोन्ही नावे छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची, त्यामुळे सोडवणाऱ्यांचा छळ करण्याचा हेतू लपवलेला नव्हताच. तरीही झिमेनेस, म्हणजे डेरिक मॅकनट, यांनी १९६६ मध्ये आपल्या पुस्तकात छळालाही शिस्त घालून दिली: नेमका अर्थ, प्रामाणिक कृती आणि त्याखेरीज काहीही नको.

आमच्या शेजारचे अण्णा, जन्मभर इंग्रजी शिकवलेले, या शिस्तीला ‘कारकुनी’ म्हणतात. ते ‘गार्डियन’ या इंग्लिश दैनिकात अराउकेरिया या नावाने कोडी रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांचे भक्त, सुचलेली कल्पना झकास असेल तर नियम थोडा वाकला तरी चालेल, असे त्यांचे मत. ‘कोस्ट’वरून आमचा वाद झाला तेव्हा ते म्हणाले, “तुम्हाला उत्तर आलं ना? मग तक्रार कसली?” मी म्हटले, “अण्णा, उत्तर छेदातल्या अक्षरांमुळे आलं, क्लूमुळे नाही.” यावर त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे मुद्दा मान्य होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठीत स्वतःच एक क्लू रचून आणला: ‘“या हो, डीजे लावा” या आरोळीत कोळ्याचे वाहन’, घरे २. मराठीत एका घरात मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे ‘हो’ आणि ‘डी’ मिळून ‘होडी’ बिनतक्रार निघते. अर्थ शेवटी, कृती आधी, ‘आरोळीत’ हा लपवल्याचा इशारा. सगळे जागच्या जागी. फक्त ‘या’ आणि ‘लावा’ हे दोन शब्द उत्तराला काहीच देत नाहीत, ते काढावेत, असे मी सुचवले. ‘या’ काढायला अण्णा तयार झाले. ‘लावा’ काढायला नाहीत. नुसते ‘हो, डीजे’ असे कोण ओरडतो, हा त्यांचा सवाल आहे, आणि तो क्लू अजून समासात प्रश्नचिन्हासह पडून आहे.