हॉर्सरॅडिश अपडेट: ताजं मूळ विरुद्ध बाटली

तर मंडळी, पुण्याहून मागवलेलं हॉर्सरॅडिशचं (मोहरीसारखा झणका असलेलं विलायती मूळ) ताजं मूळ एकदाचं सोलापुरात पोचलं. इतके दिवस बाटलीतल्या सॉसवर भागवत होतो, पण माझ्या बाटलीचं लेबल बघाल तर तेल, साखर, क्रीम असलंच सगळं आणि मूळ आपलं नावाला, म्हणजे सँडविचला लावायला बरंय, झणका शोधू नका.

मूळ अख्खं असताना हुंगलं तर फारसा वासच नाही. खरी गंमत किसताना. पेशी फुटल्या की त्यातलं सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम एकत्र येतं आणि झणका तयार होतो, मोहरी फेसताना नाकात जातो तोच, दोघं एकाच कुळातले ना. मी सोलून, तुकडे करून, चमचाभर थंड पाणी टाकून मिक्सरला फिरवलं, झाकण काढताना तोंड बाजूला केलं तरी डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि आई हॉलमधून, "काय करायलास रे आत?"

आता मुद्द्याचं. सगळा खेळ व्हिनेगर कधी घालता त्याचा आहे, कारण व्हिनेगर पडलं की एन्झाइम थंडावतं. दोन वाट्या केल्या. एकीत लगेच घातलं, ती मवाळ. दुसरीत ३ मिनिटं थांबून घातलं आणि ब्रह्मांड आठवलं! पण मिरचीसारखं जिभेवर बसून राहत नाही, नाकातून टाळूपर्यंत चढतं आणि लगेच उतरतं. मीठ दोन्हीत चिमूटभर.

उकळत्या रश्शात वगैरे अजिबात टाकू नका, झणका उडून जातो, महागाचं मूळ वाया. मी घट्ट दह्यात कालवून कडक भाकरीसोबत खाल्लं, शेजारी शेंगाचटणी होतीच, पण त्या दिवशी तिच्याकडे कुणी बघितलं नाही. उकडलेलं बीट किसून त्यातही घातलं, पोलंडमध्ये ईस्टरला असं करतात, आणि बिटाचा गोडवा ह्याला भारी सांभाळून घेतो.

आणि हो, इंग्रजांच्या काळात इथले साहेब लोक ह्याच्याऐवजी शेवग्याचं मूळ किसून खायचे, ते वाचून कुणी अंगणातला शेवगा उकरायला जाऊ नका, त्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात.

मुळाचा वरचा शेंडा कुंडीत लावलाय, कोंब दिसतोय. थंड हवेचं झाड आहे हे, आणि आपल्याकडे एप्रिलात पारा ४० च्या वर, म्हणून कुंडी जिन्याखाली सावलीत ठेवलीय. बाटली संपवणारच आहे, उकडलेल्या अंड्यांना चालते.