सिनेट बिल ८९ आणि अंदाजपत्रकातली एक ओळ

जून २०११ चा शेवटचा आठवडा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १ जुलैला जुरूपा व्हॅली हे नवं शहर कायद्याने अस्तित्वात येणार होतं. मीरा लोमा, ग्लेन एव्हन, पेडली, रुबिडू या वस्त्या तोवर थेट काउंटीच्या कारभारात होत्या. मार्चमध्ये मतदारांनी शहराच्या बाजूने कौल दिला होता. नव्या शहरांचा जमाखर्च तपासणं हे माझं काम. स्क्रीनवर पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं आणि शेजारी राज्याच्या सिनेट बिल ८९ चा मजकूर.

बिलाने शहरांच्या वाट्याचं वाहन परवाना शुल्क काढून स्थानिक पोलिसांच्या अनुदानांकडे वळवलं. जुन्या शहरांना झळ कमी बसली, कारण २००४ मध्ये त्या शुल्काचा मोठा भाग कापून त्याबदल्यात त्यांना मालमत्ता कराचा वाटा मिळाला होता. २००४ नंतर जन्मलेल्या शहरांना तो वाटा नव्हता. त्यांच्यासाठी २००६ च्या असेंब्ली बिल १६०२ ने लोकसंख्येनुसार शुल्काचा हिस्सा ठरवला होता, आणि आता नेमका तोच गेला. हा फटका बसलेली शहरं म्हणजे वाइल्डोमार, मेनिफी, ईस्टव्हेल आणि जुरूपा व्हॅली, चारही रिव्हरसाइडचीच. मी जुरूपा व्हॅलीच्या अंदाजपत्रकात या शुल्काच्या ओळीत शून्य टाकलं आणि तळाची शिल्लक उणे झाली.

हे आधी का दिसलं नाही? शहर मंजूर करणारा लॅफ्को आयोग किमान तीन वर्षांचा आर्थिक अहवाल मागतो, पण तो अहवाल सध्याचा कायदा तसाच राहील असं धरून लिहिला जातो. त्यातच काउंटीला तोटा होऊ द्यायचा नाही अशी कायद्याची अट आहे: शहराकडे जितका महसूल जाईल, साधारण तितकाच खर्च गेला पाहिजे. म्हणून अंदाजपत्रकात सैल जागा फारशी उरतच नाही. सगळ्यात मोठा खर्च शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, कंत्राटाचा. कात्री लावायची तर गस्तीच्या तासांना, म्हणजे थेट लोकांच्या सुरक्षिततेला.

एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे तारीख. शहर ज्या आर्थिक वर्षात जन्मतं, ते संपेपर्यंत काउंटीला सेवा चालू ठेवाव्या लागतात. १ जुलैचा जन्म म्हणजे पुरे बारा महिने. जानेवारीत झाला असता तर सहाच. पण हे फुकट नाही, काउंटी तो खर्च नंतर मागू शकते. तसं देणं साचलंही, आणि ते २०१५ मध्ये राज्याच्या कायद्याने माफ झालं.

शुल्काची भरपाई मात्र रखडली. २०१२ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं बिल राज्यपाल जेरी ब्राउन यांनी नाकारलं. या चार शहरांना मालमत्ता कराचा वाटा मिळाला तो २०१७ च्या सिनेट बिल १३० ने. सहा वर्षं! ज्यांनी नियमाप्रमाणे सगळं केलं त्यांना इतकं थांबायला लावणं हा अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हापासून महसुलाच्या प्रत्येक ओळीपुढे मी दोन रकाने ठेवते: हा पैसा कोणत्या कलमाने येतो, आणि ते कलम गेलं तर राखीव निधी किती महिने पुरेल.