स्क्रीन काळी, पंखे चालू : आधी नक्की काय तापतंय ते शोधा

‘कॉम्प्युटर तापतो आणि डिस्प्ले जातो’ या एका तक्रारीत निदान दोन वेगळे बिघाड दडलेले असतात. एकात मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं, पण कॅबिनेटमधले पंखे फिरत राहतात, कधी गाणंही चालू राहतं. दुसऱ्यात प्लग उपटल्यासारखं सगळं एका क्षणात बंद पडतं. पहिल्यात पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यायचा, दुसऱ्यात प्रोसेसर किंवा एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा). हे न ठरवता थेट थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलायला बसणारे फार, आणि त्यातले बरेच जण चुकीचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उघडतात.

स्क्रीन काळी पडली की लगेच पॉवर बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आत जिवंत आहे, फक्त चित्र गेलंय. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर कार्ड बहुधा शाबूत आहे, ड्रायव्हर कोसळला होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदींमध्ये त्या वेळेला ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर तेच पक्कं होतं. ‘कर्नल-पॉवर ४१’ मात्र मनावर घेऊ नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते; का पडलं ते नाही.

आता तापमान. स्क्रीनच जाणार असल्यामुळे आकडे डोळ्यांनी बघून भागत नाही, ते फाइलमध्ये उतरायला हवेत. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडून लॉगिंग सुरू करा, दर २ सेकंदांनी एक ओळ पुरते. मग एका वेळी एकच भाग तापवा : आधी सिनेबेंच या चाचणी-सॉफ्टवेअरने फक्त प्रोसेसर १० मिनिटं, मग मशीन थंड होऊ देऊन फरमार्क या दुसऱ्या सॉफ्टवेअरने फक्त ग्राफिक्स कार्ड तेवढाच वेळ. समोर बसून राहा आणि कार्ड ९० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर चाचणी थांबवा. मशीन पडलं तर नंतर त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

आकडे कसे वाचायचे? इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझनची मॉडेलनुसार साधारण ८५ ते ९५. मर्यादेला पोचल्याबरोबर प्रोसेसर बंद पडत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे मशीन काही सेकंदांतच बंद पडत असेल तर कारण धुळीपेक्षा मोठं आहे : हीटसिंक एका बाजूने सुटलाय, पंखा फिरत नाही किंवा लिक्विड कूलरचा पंप थांबलाय. ग्राफिक्स कार्डात सरासरी तापमानापेक्षा ‘हॉटस्पॉट’चा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा, आकडा बोलका. दोघांत १० ते २० अंशांचा फरक नेहमीचा. ३० च्या पुढे गेला तर चिपवरची पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक सारखा बसलेला नाही. काही कार्डं हा आकडा दाखवतच नाहीत, तिथे सरासरीवर काम भागवावं लागतं.

आणि कार्ड ६५ अंशांवर असतानाच चित्र गेलं तर? मग उष्णतेचा पाठलाग सोडा आणि वीज बघा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५०. दोन जोडण्या असलेल्या कार्डाला एकाच वायरीच्या दोन तोंडांनी वीज दिली असेल, तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी आणा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून बिघाड थांबला, आणि तापमान आधीही कमीच होतं, तर एसएमपीएस बदलायची वेळ आलीय. तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरलेला असतो.

तापमान खरंच जास्त निघालं, तरी स्क्रूड्रायव्हरआधी एक फुकटची चाचणी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा चालवा. १० अंश किंवा जास्त उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे : पुढची जाळी तुंबलीय किंवा पंखे उलटे लागलेत. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, तिकडे हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. आकडा जागचा हलला नाही तर दोष हीटसिंकमध्ये किंवा पेस्टमध्ये.

साफ करताना प्लग काढा आणि पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. वरवर दिसणारी धूळ फारशी त्रास देत नाही. खरा अडथळा पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसलेला थर असतो, तो पंखा उतरवल्याशिवाय दिसतच नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

पेस्ट बदलायची तर जुनी पेस्ट ९० टक्के किंवा जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. प्रोसेसरच्या मधोमध ४-५ मिलिमीटरचा ठिपका पुरतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा हीटसिंक सरळ वर ओढू नका. प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट उपटून येतो. आधी मशीन थोडं तापवून, बंद करून, हीटसिंक डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा. इंटेलच्या चार खुंट्यांच्या कूलरमध्ये खुंट्या तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डामागे चारही टोकं बाहेर आलीत का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी नवी पेस्ट वाया.

साफसफाईनंतर डिस्प्ले अजिबातच येत नाही, असंही घडतं. घाबरू नका, काहीतरी हललंय. मॉनिटरची केबल कार्डाला जोडलीय की चुकून मदरबोर्डला, ते आधी बघा. मग रॅम काढून पुन्हा बसवा, खटका वाजेपर्यंत. मदरबोर्डच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची जोडणी तपासा. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार छोटे दिवे असलेल्या बोर्डावर जो दिवा पेटून राहतो, त्या भागापासून सुरुवात करा.

कार्ड थंड असतानाही, अगदी विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या स्क्रीनवर, रंगीत चौकोन किंवा रेघा दिसल्या तर केबल आणि मॉनिटर बदलून पाहा. तरीही दिसत राहिल्या तर बहुधा कार्डाची मेमरी किंवा चिप गेलीय. अशी कार्डं ओव्हनमध्ये भाजायचा ‘उपाय’ इंटरनेटवर फिरतो. त्याने कार्ड सुधारलंच तर थोड्या दिवसांपुरतं, आणि प्लास्टिकचा विषारी धूर मात्र त्याच ओव्हनमध्ये बसतो. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावा आणि पाहा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर ती सोय नाही, तिथे दुसरं एखादं कार्ड उसनं आणून लावून बघावं लागतं.