बुलबुल कधी, गाईड कधी?

जून लागला की सोलापुरातल्या शाळांत हा प्रश्न ठरलेला: ‘मुलगी तिसरीत आहे, गाईडला घालू का?’ नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये इयत्ता नाही, वय बघतात. दहा वर्षं पुरी होईपर्यंत बुलबुल, मग गाईड, पुढे पंचविशीपर्यंत रेंजर. बालवाडीच्या वयाला बनी.

बुलबुलमध्ये सहा-सहा मुलींची षटकं, फ्लॉकमध्ये, म्हणजे बुलबुलच्या पथकात, जास्तीत जास्त 24 मुली. ताराची गोष्ट, खेळ, गाणी करत कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख या पायऱ्या. सोलापूरच्या पूर्वभागात बऱ्याच घरी तेलुगू बोलतात. बुलबुलचं वचन पोपटासारखं पाठ होतं, अर्थ डोक्यावरून जातो. एखाद्या मोठ्या मुलीला आधी ते तेलुगूत सांगायला लावा.

खरी गळती चौथीनंतर होते. शाळा चौथीपर्यंतचीच असली तर मुलगी पाचवीला दुसरीकडे जाते आणि तिच्या पंखांची प्रमाणपत्रं जुन्या शाळेच्या कपाटात राहतात. दाखल्याबरोबर तीही मागून घ्या.

गाईडच्या संघात 6 ते 8 मुली, संघांना फुलांची नावं, पथकात 32 पर्यंत. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. मधली पायरी गाळता येत नाही, आणि प्रत्येक पायरीला महिने जातात. आठवीत गाईडला आलेली मुलगी दहावीच्या अभ्यासात अडकते ती इथेच, म्हणून पाचवी-सहावीत सुरुवात बरी. आणखी एक चूक: पाचवीच्या मुलींचा वेगळा संघ, आठवीचा वेगळा. मग धाकट्यांना गाठी शिकवणार कोण? संघ मिसळूनच करा. दोरी सुती, दोन-अडीच मीटर. गुळगुळीत नायलॉनवर गाठ बसत नाही. रीफ गाठीला उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर नेलं की ताण पडताच गाठ सरकते.

आठवीला एनसीसीची वाट फुटते: ज्युनियरला दोन वर्षं, ‘ए’ प्रमाणपत्र. गाईड आणि एनसीसी दोन्ही एकदम करू नये, परेड आणि संघसभा हमखास एकाच वेळी येतात. कॉलेजात रेंजर किंवा एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना). एनएसएसला वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं शिबिर.

वेळापत्रक आखताना जानेवारीत गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा, आठवडा मोकळा सोडा, निम्म्या मुली येतच नाहीत. उघड्यावरचा स्वयंपाक फेब्रुवारीच्या आत उरकावा. मार्चमध्ये दहानंतर माळावर चूल पेटवायची म्हणजे मुली भाजणार, भाकरी नंतर.