कव्हर बघूनच घेतात की लोक!

आज पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात सहज शिरले तर शेजारी कॉलेजातली दोन पोरं फक्त कव्हर बघून पुस्तकं उचलत होती, लेखक कोण, मागे काय लिहिलंय, काही नाही, चित्र आवडलं की घे हातात. आधी हसू आलं, पण आपल्या आधीच्यांनी तरी काय केलं, दीनानाथ दलालांचं चित्र दिसलं की दिवाळी अंक घरी यायचाच ना! मला विचाराल तर कव्हरं काढणारे चित्रकार बाळ ठाकूर जास्त भारी, मोजक्या रेषा, मोकळी जागा, बास. हल्लीची बरीच कव्हरं मोबाईलवरच्या थंबनेलसाठीच केल्यासारखी, अक्षरं मोठ्ठी आणि चित्र आपलं नावाला. पोरांनी शेवटी एक जाडजूड कथासंग्रह घेतला, वर नुसती पिवळी छत्री. मीही उचलून पाहिला, किंमत बघून ठेवला परत 😄