जुना छापखाना वाचवताना

छापखाना वाचला असं कोणी म्हणालं की मी 'सध्या तरी' एवढं जोडते. वारसा यादीत नाव लागलं, पाडकाम थांबलं, दर्शनी भिंतीची डागडुजीही झाली. पण जुनी इमारत एकदा वाचवली आणि सुटलो, असं होत नाही. अशा कामाला हात घालणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून आमचा अनुभव लिहिते आहे. आमच्यात मुळात तज्ज्ञ कोणीच नव्हतं. निवृत्त शिक्षक, एक विमा एजंट, कॉलेजची काही मुलं, छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात हयात गेलेले एक आजोबा आणि मी.

इमारत दुमजली. दगडी जोतं, विटांच्या कमानी, वर लाकडी तुळयांवर पेललेला मजला. वजनदार यंत्रं खाली आणि खिळे जुळवायची खोली वर. त्या खोलीला उत्तरेकडे खिडक्यांची सलग रांग आहे, कारण बारीक खिळे ओळखायला भरपूर उजेड लागतो, पण डोळ्यांवर ऊन आलेलं चालत नाही. छपाई बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मग एक दिवस 'धोकादायक इमारत' अशी नोटीस भिंतीवर चिकटली आणि मालकांनी पाडकामाचा अर्ज केल्याचं कळलं.

पहिली गोष्ट सगळेच करतात तीच आम्ही केली. सह्या गोळा केल्या. त्या घेऊन संवर्धनाचं काम करणाऱ्या एका वास्तुविशारद बाईंकडे गेलो. त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सह्या लागतील तेव्हा लागतील. ही इमारत गेली तर नेमकं काय जातं, ते आधी एका पानात लिहून आणा." आमच्या सरांनी मोठ्या हौसेनं खर्डा केला, त्यात 'गौरवशाली परंपरेचा मानबिंदू' वगैरे सगळं होतं. बाईंनी वाचून विचारलं, "यातलं कुठलं वाक्य शेजारच्या इमारतीला लागू पडणार नाही?" एकही नव्हतं.

या एका पानाला जगभर मान आहे. ऑस्ट्रेलियातल्या बरा गावी 1979 मध्ये संवर्धकांनी एक सनद संमत केली. तिचं सार असं की आधी वास्तूचं महत्त्व समजून घ्या, मग तिला हात लावा. ते महत्त्व सौंदर्याचं असेल, इतिहासाचं, शास्त्रीय, सामाजिक किंवा आध्यात्मिकही असू शकतं. आमच्या छापखान्याला सौंदर्याचे गुण फारसे मिळाले नसते. नक्षी नाही, घुमट नाही, कोणी थोर माणूस तिथे जन्मलेला नाही. पण छपाईचं काम कसं चालायचं हे त्या इमारतीच्या रचनेतच दिसत होतं, आणि आजूबाजूच्या अनेक घरांत तिथे छापलेले कागद होते. आम्ही या दोनच मुद्द्यांवर जोर द्यायचं ठरवलं. उगाच सगळ्या रकान्यांत काहीतरी भरलं असतं तर सुनावणीत पितळ उघडं पडलं असतं.

खरी मजा आली ती पुरावे शोधताना. इमारत कधीची, याचा कागद मालकांकडेही नव्हता. आजोबांनीच युक्ती सुचवली. छापील कागदाच्या तळाशी मुद्रकाचं नाव आणि पत्ता असतो. लोकांना आवाहन केलं, जुनी हस्तपत्रकं, स्मरणिका, शाळेचे अहवाल, काय असेल ते दाखवायला आणा. ट्रंकांमधून, देवघरांच्या फळ्यांवरून कागद निघाले. तारीखवार लावले तेव्हा दिसलं की एका विशिष्ट वर्षापर्यंत पत्ता वेगळ्या गल्लीचा आहे आणि त्यानंतर या इमारतीचा. जुन्या मोजणी नकाशातही त्याच सुमाराला तिथे बांधकामाची आकृती उगवते. दोन वेगवेगळे पुरावे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा वारसा यादीसाठीच्या अर्जाला वजन येतं. ऐकीव गोष्टींचं आम्ही वेगळं परिशिष्ट केलं आणि त्यावर 'सांगोवांगी' असं ठळक लिहिलं. पुढे वारसा समितीतल्या एका सदस्यानं नेमकं याचं कौतुक केलं.

मग मोजमापं. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटेल अशी मला धास्ती होती, पण तीच त्यात सगळ्यात जास्त रमली. खोलीच्या चार भिंती मोजून भागत नाही, दोन्ही कर्णही मोजावे लागतात. कर्ण सारखे नसले की खोली काटकोनात नाही. ओळंबा सोडून भिंत किती झुकली आहे ते बघायचं, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवायची, फोटो कुठून कुठल्या दिशेनं काढला ते नकाशावर बाण काढून दाखवायचं. हे करतानाच एका मुलीला यंत्रघराच्या फरशीत एक खळगा दिसला. पावलाच्या आकाराचा, गुळगुळीत, एकच. आजोबांना बोलावलं. ते त्या जागी जाऊन उभे राहिले, एक पाय खळग्यात बरोबर बसला आणि दुसरा हवेत वरखाली होऊ लागला. ट्रेडल मशीन पायानं चालवायचं असतं. एका पायावर सगळा भार देऊन पिढ्या उभ्या राहिल्या, तिथे दगड झिजला. हा फोटो आम्ही अर्जाच्या पहिल्या पानावर लावला. आजही लोक दर्शनी कमानींपेक्षा त्या खळग्याचीच चौकशी जास्त करतात.

पण 'धोकादायक' या शिक्क्याला फोटोनं उत्तर देता येत नाही. नोटिशीमागच्या अहवालात एका उभ्या भेगेवर बोट ठेवलं होतं. बाईंच्या ओळखीच्या एका संरचना अभियंत्यांनी भेगेवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि तारखा लिहिल्या. भेग वाढत असेल तर काच तडकते, भिंत स्थिरावली असेल तर शाबूत राहते. साधी, जुनी पद्धत आहे, आणि निवांत वाट बघण्यावाचून त्यात काही करायचं नसतं. पट्ट्या शाबूत राहिल्या. भेग जुनी होती, जागची हलत नव्हती. भिंतीला पोखरत होती ती ओल, आणि ओलीचं मूळ होतं छपराच्या पन्हळीत. पन्हळ पानांनी तुंबलेली, खाली उतरणारा नळ मध्येच तुटलेला, आणि दर पावसात सगळं पाणी भिंतीच्या एकाच कोपऱ्यावर.

त्यात कधीतरी 'मजबुतीसाठी' बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. जुन्या बांधकामाला सिमेंटचं वावडं का, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जुनी वीट मऊ असते आणि विटांमधला चुना तिच्याहूनही मऊ. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून वाफ होऊन निघून जातं. सिमेंट कडक आणि बंदिस्त. ओल आत कोंडते, मग विटेतून वाट काढते, तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. गिलावा ठणठणीत दिसतो आणि आतली वीट भुगा होते. अभियंत्यांच्या अहवालात हे सगळं आकृत्यांसह आलं, आणि दुरुस्ती शक्य आहे असा स्पष्ट निष्कर्षही.

आता मालकांविषयी. अशा गोष्टींत मालकाला खलनायक करून टाकायची सवय असते. आमच्या सभेतही तसा सूर लागलाच. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही फोटो काढून घरी जाता. घरपट्टी मी भरतो, आणि उद्या वीट कोणाच्या डोक्यात पडली तर कोर्टात मी उभा राहणार." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि ते असायला हवं असं मला वाटलं.

न्यूयॉर्कचं उदाहरण बाईंनी सांगितलं. तिथलं भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन 1963 पासून पाडायला घेतलं, नागरिकांचा विरोध कमी पडला. त्या हळहळीतून 1965 मध्ये शहराचा वारसा जतनाचा कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला. लोकांना ही विजयाची गोष्ट म्हणून आवडते. मला त्यातला एक बारकावा जास्त कामाचा वाटला. मालकाला तिथे वापरता न आलेले बांधकामाचे हक्क जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर नेण्याची मुभा होती, आणि न्यायालयानं ती लक्षात घेतली. म्हणजे मालकाच्या हातात काहीतरी राहायला हवं. विकास हक्क हस्तांतरण, करात सवलत, दुरुस्तीला अनुदान, वापर बदलायची परवानगी, यातलं आपल्या नियमांत काय बसतं ते शोधून आम्ही मालकांसमोर ठेवलं. सगळं मिळालं नाही. पण त्यांनी पाडकामाचा अर्ज स्थगित ठेवायचं कबूल केलं, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा टप्पा तोच होता.

कचेरीतल्या खेट्यांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही त्यांना कळेलच. एकच सांगते, प्रत्येक कागदाची पोच घ्या. आमची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना गहाळ झाली आणि पोच होती म्हणूनच नव्यानं रांगेत उभं राहावं लागलं नाही.

हरकती आणि सूचनांच्या सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो. आम्ही तिघांनीच बोलायचं ठरवलं होतं. अभियंते भिंतीवर बोलले, मी वापरावर, आणि आजोबा कामावर. हरकत घेणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न रास्त होता, "जुनं ते सगळं ठेवायचं, तर नव्यानं राहणार कुठे?" सगळं ठेवायचं नाहीच. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड पाडायला आमची ना नाही, असं आम्ही लेखी दिलं होतं. काय सोडायला तयार आहोत हे आधीच सांगितलं की बाकीच्याबद्दल लोक ऐकून घेतात.

यादीत नाव लागण्याआधीच आम्ही इमारत एक दिवस लोकांसाठी उघडली होती. फ्रान्समध्ये 1984 साली एरवी बंद असलेल्या वास्तूंची दारं लोकांसाठी उघडायचा उपक्रम सुरू झाला, तो पुढे युरोपभर पसरला. 18 एप्रिल हा तर जागतिक वारसा दिवस म्हणून पाळला जातो. आम्ही आसपासचा रविवार धरला. भाषणं ठेवायची नाहीत यावर मी अडून बसले, त्यावरून थोडी बोलाचालीही झाली. एका टेबलावर खिळ्यांची केस मांडली आणि ज्याला हवं त्यानं आपलं नाव जुळवून छापून न्यावं अशी सोय केली. खिळे उलटे असतात, ओळ उलटी वाचावी लागते. मुलांना ते चटकन जमलं, मोठ्यांची भंबेरी उडाली. नोटीस काढणाऱ्या खात्यातले एक अधिकारी सहकुटुंब आले आणि शाई लागलेल्या बोटांनी परत गेले. त्याचा फाईलवर परिणाम झाला असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी त्यांनी बसायला खुर्ची दिली.

यादीत नाव लागलं. त्याबरोबर पैसे येत नाहीत, हे अनेकांना नंतर कळतं. यादी पाडण्यावर बंधन घालते, गळती थांबवत नाही. निधीतून आधी दर्शनी भिंत उजळावी असं बहुतेकांचं मत होतं, देणगीदारांनाही दिसेल असं काम आवडतं. बाईंनी आणि मी पन्हळीचा आग्रह धरला. विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये जुन्या वास्तूंसाठी इंग्लंडात संस्था काढली तेव्हा हेच मांडलं होतं की मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची निगा बरी. शेवटी पन्हळ आणि नळ आधी झाले. मग सिमेंट काढलं, तेही छिन्नीनं, हळूहळू, कारण घाई केली की त्याबरोबर वीटही येते.

चुन्याचं काम येणारे गवंडी मिळायला वेळ लागला. जे आले त्यांनी कळीचा चुना पाण्यात विरवला, चाळला आणि मुरत ठेवला. आम्ही रोज विचारायचो झाला का, ते रोज नाही म्हणायचे. लावल्यावरही चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तोवर ओली पोती टाकून त्याला उन्हापासून जपावं लागतं. पोती भिजवायची पाळी आम्ही आपसात वाटून घेतली. मालीमधल्या जेन्ने शहरातल्या मातीच्या मशिदीला दरवर्षी सगळं गाव मिळून गिलावा करतं, तो तिथला मोठा उत्सव असतो. आमच्याकडे उत्सव नव्हता, पाळी चुकवणाऱ्याला ग्रुपवर टोमणे मात्र होते.

आता खाली छपाईचं छोटं दालन आहे आणि वरची खोली अभ्यासिका म्हणून भाड्यानं जाते. भाडं मालकांना मिळतं, त्यातला ठरलेला हिस्सा देखभालीला. पन्हळ पावसाआधी आणि पावसानंतर साफ होते. शिडी कोणाकडे आहे आणि कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, हे दारामागे लिहून लावलं आहे.

सध्या वाद चालू आहे तो पायऱ्यांचा. पुढच्या दगडी पायऱ्या मूळच्या आहेत आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्याला त्या चढता येत नाहीत. पायऱ्यांना धक्का नको म्हणणारे आमच्यातच निम्मे आहेत. माझं मत वेगळं आहे. जिथे सगळ्यांना शिरता येत नाही ती वास्तू सगळ्यांची कशी म्हणायची? बाईंनी बाजूच्या दारातून, दगडाला न खिळवता, नुसता टेकवलेला लोखंडी उतार सुचवला आहे. उद्या काढायचा म्हटलं तरी मागे खूण राहणार नाही. आराखडा समितीकडे गेला आहे, आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.